फिल्म स्टडीजच्या पोरांना मार्क कशाचे द्यायचे?

दर जूनमध्ये कुणा ना कुणा ओळखीच्या प्राध्यापकांचा फोन येतो, की सर आमच्याकडे पण आता सिनेमाचा पेपर सुरू झालाय, सिलॅबस मिळाला, पिक्चरची लिस्ट पण झाली, पण पेपर कसा काढायचा आणि मार्क कशाचे द्यायचे ते जरा सांगा. अर्धा-पाऊण तास बोलूनही ते संपत नाही म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. मी कोल्हापूरकडच्या एका डिग्री कॉलेजात सिनेमा शिकवतो, म्हणजे थोडी थिअरी, थोडा इतिहास, थोडं प्रॅक्टिकल. आमच्याकडे स्टुडिओ वगैरे काही नाही, एक प्रोजेक्टर आहे, दोन स्पीकर आहेत (त्यातला एक त्याच्या मूडवर चालतो) आणि पडदे लावले तरी दुपारी उजेड येणारी एक खोली. एवढ्यात जे जमलं तेच सांगणार आहे, बाकी पुस्तकातलं तुम्हाला पुस्तकात मिळेलच.

आधी आउटकम नीट लिहा, नाहीतर पुढचं सगळं फुकट

नॅकमुळे (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) आता प्रत्येक विषयाला कोर्स आउटकम, म्हणजे विषय संपल्यावर पोरगं काय करू शकेल ते, लिहावे लागतात, आणि खरं सांगायचं तर आपण बहुतेक जण ते शेवटच्या आठवड्यात कुणाचे तरी कॉपी करून टाकतो. मीही टाकलेत. 'विद्यार्थ्यांना चित्रपट माध्यमाची जाण येईल', 'सौंदर्यदृष्टी विकसित होईल' असली वाक्यं असतात त्यात. आता ही जाण आली की नाही हे मोजणार कसं? सौंदर्यदृष्टीला काय थर्मामीटर लावणार?

ब्लूमची ती शिकण्याच्या पायऱ्यांची उतरंड सगळ्यांना पाठ असते, 1956 ची आणि मग 2001 ला सुधारलेली, आठवणं समजणं वापरणं वगैरे. ती वाईट नाही, पण तिच्यातली क्रियापदं उचलून आउटकमला चिकटवली की काम झालं असं नसतं. माझी साधी कसोटी अशी, की आउटकम वाचून शेजारच्या इतिहासाच्या मॅडमना डोळ्यासमोर दिसलं पाहिजे की पोरगा नेमकं काय करतोय. उदाहरणार्थ 'कधी न पाहिलेली दोन मिनिटांची क्लिप पाहून तिच्यातले कट, फ्रेम आणि आवाज ह्यांच्यावर पुराव्यासकट एक पान लिहू शकेल'. हे दिसतं. 'सिनेमाच्या इतिहासातल्या एखाद्या दाव्याला दोन वेगवेगळ्या सोर्सवर तपासून स्वतःचं मत मांडू शकेल' हे पण दिसतं. असे चार लिहा, फार तर पाच. दहा लिहिलेत तर मार्चमध्ये एक्सेलसमोर बसून रडाल.

पहिल्या दिवशीची क्लिप

ह्या सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. वर्षाच्या पहिल्या तासाला काहीही न शिकवता एक क्लिप दाखवायची आणि लिहून घ्यायचं. वर्षाच्या शेवटी तीच क्लिप, तेच प्रश्न, परत. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पोरगं काय शिकलं ते समोर असतं. नुसत्या शेवटच्या परीक्षेवरून तुम्हाला फक्त एवढं कळतं की कोण हुशार आहे, आणि तो हुशार तुमच्याकडे यायच्या आधीपासूनच असू शकतो, त्याच्या घरात बाप रोज रात्री जुने पिक्चर बघत असेल, त्याचं क्रेडिट तुम्हाला कशाला?

आता क्लिप कुठली. सुरुवातीला मी गाजलेल्या पिक्चरमधले सीन घ्यायचो आणि तिथंच फसायचो, कारण गाजलेल्या सीनवर नेटवर इतकं लिहिलेलं असतं, यूट्यूबवर इतके व्हिडिओ असतात की पोरं सीनबद्दल न लिहिता सीनबद्दल जे ऐकलंय ते लिहितात. शेवटी मी स्वतःच मोबाइलवर शूट केली. एसटी स्टँडवर. लांबी 1 मिनिट 40 सेकंद, 9 शॉट, म्हणजे 8 कट (एक शॉट संपून दुसरा लागतो ती जागा म्हणजे कट). एक बाई बाकावर बसलीय, शेजारी पिशवी, वर घड्याळ, माइकवरून गाडी लागल्याची अनाउन्समेंट, गाडी येते, लोक चढतात, गाडी जाते, आणि बाई तिथंच बसलेली. डायलॉग एकही नाही. अनाउन्समेंटचा आवाज मी मुद्दाम तीन शॉटवर सलग पसरवलाय, आणि गाडी जाताना इंजिनचा आवाज गाडी दिसेनाशी व्हायच्या आधीच बंद केलाय. जगात ह्या क्लिपवर एकही रिव्ह्यू नाही, त्यामुळे कॉपी करायची कुठून?

क्लिप दोनदा दाखवायची, मध्ये थांबवायची नाही. मोबाइल बॅगेत. मग तीन प्रश्न. एक, किती कट होते? दोन, काय काय ऐकू आलं? तीन, बाईची गाडी चुकली की तिला जायचंच नव्हतं, आणि हे तुम्ही कशावरून म्हणता? वीस मिनिटं.

पहिला प्रश्न गंमत म्हणून वाटतो पण तो फार कामाचा आहे. जूनमध्ये पोरं तीन म्हणतात, चार म्हणतात, काही जण तर कट नव्हताच म्हणतात. ह्यात त्यांची चूक नाही, कट दिसू नये म्हणूनच तर एडिटिंग तसं केलेलं असतं. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण 'गाड्यांचा आवाज' एवढंच लिहितात. आणि तिसऱ्याला सुरू होते कादंबरी, बाई विधवा आहे, मुलगा मुंबईला आहे, सुनेशी पटत नाही. वाचायला मजा येते पण क्लिपमध्ये ह्यातलं काहीच नाही.

हे जूनचे कागद तपासायचे पण मार्क द्यायचे नाहीत, आणि पोरांना इतक्यात परतही द्यायचे नाहीत. फाइलला लावून कपाटात.

उत्तरं कशी वाचायची

रुब्रिक म्हणजे कोष्टक, ते सगळ्यांकडे असतं. पण त्याच्यात 'उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक' असं लिहून काही होत नाही, तुमचं उत्कृष्ट माझं समाधानकारक असू शकतं. त्याऐवजी खऱ्या उत्तरातली वाक्यं चिकटवा. माझ्या कोष्टकात तिसऱ्या प्रश्नासाठी चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीखाली पोरांचंच एकेक वाक्य आहे (नाव काढून, अर्थात).

पहिली पायरी: 'कॅमेरा वर्क छान आहे, सीन मनाला भिडतो.' म्हणजे बघितलं काहीच नाही, फक्त शिष्टाचार पाळलाय.

दुसरी: 'इथे क्लोजअप आणि लाँग शॉट वापरले आहेत.' शब्द आला, बरोबर आला, पण मग पुढे काय? ही पायरी सगळ्यात फसवी. आपण मास्तर लोक शब्द दिसला की खूश होतो आणि टिक मारतो, आणि पोरांना ते बरोबर कळतं, मग ते उत्तरात मिझ-ऑन-सीन, लो अँगल, जंप कट असं सगळं मसाल्यासारखं भुरभुरतात.

तिसरी: 'गाडी आल्यावर सगळे उठतात तेव्हा कॅमेरा बाईवरच राहतो आणि तिचा हात पिशवीकडे जात नाही, म्हणून तिला जायचं नव्हतं असं वाटतं.' इथं एकही अवघड शब्द नाही, पण पोरीनं बघितलंय आणि त्यावरून काहीतरी म्हटलंय. दुसऱ्या पायरीपेक्षा हिला जास्त मार्क, बिनधास्त.

चौथी: 'गाडीचा आवाज गाडी जायच्या आधीच बंद होतो. म्हणजे आवाज स्टँडचा नाही तर बाईच्या कानातला आहे, तिचं लक्ष उडालंय. पण असंही असेल की एडिटिंगमध्ये चूक झाली असेल, कारण बाकी सगळीकडे आवाज खरा आहे.' हे गडहिंग्लजकडच्या एका पोराचं. स्वतःच्या अर्थावर स्वतःच शंका घेतलीय बघा, आणि शंकेला कारण पण दिलंय. ह्याच्यापुढे मला काही नको.

अशी खरी वाक्यं असली की दुसरे सर तपासायला बसले तरी फार फरक पडत नाही. आणि हो, हे कोष्टक पोरांना पहिल्याच आठवड्यात द्या. लपवून काय ठेवायचंय त्यात, तो काय पेपर थोडीच आहे. फक्त त्यातली उदाहरणं दुसऱ्या क्लिपवरची घाला, नाहीतर मार्चमध्ये सगळ्यांना एकदमच 'बाईच्या कानातला आवाज' ऐकू येईल.

इतिहास: सनावळी विचारू नका, भांडण लावून द्या

इतिहासाच्या पेपरात 'भारतातील पहिला चित्रपट कोणता' हा प्रश्न एका मार्काला येतो आणि पोरं डोळे झाकून राजा हरिश्चंद्र लिहितात. मी तोच प्रश्न 15 मार्कांना देतो. गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात 18 मे 1912 ला दादासाहेब तोरण्यांचा श्री पुंडलिक लागला, आणि त्याच कॉरोनेशनमध्ये 3 मे 1913 ला फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र. म्हणजे जवळजवळ वर्षभराचा फरक. मग पहिला कुठला? पुंडलिक हे नाटकाचं शूटिंग होतं, कॅमेरामन इंग्रज होता, फिल्म धुवायला लंडनला गेली होती, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते नाटकाचं असलं म्हणून काय झालं, तारीख तर आधीची आहे ना?

इथं उत्तर कुठलं आलं ह्याला मार्क नाहीत. पोरानं 'चित्रपट' म्हणजे काय हे आधी ठरवलं का, ह्याला मार्क. सोर्स दोन वापरले का, आणि दुसऱ्या सोर्सनं पहिल्याचीच कॉपी मारलेली नाही ना हे बघितलं का, ह्याला मार्क. नेटवर दहा वेबसाइटवर एकच वाक्य असतं, स्पेलिंग मिस्टेकसकट, आणि पोरं म्हणतात सर दहा सोर्स आहेत. नाही बाळा, तो एकच सोर्स आहे, दहा वेळा.

इतिहासाची दुसरी असाइनमेंट आम्ही गावातच करतो. कोल्हापूरला त्याची कमी नाही, बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच, प्रभात 1929 ला इथंच निघाली आणि 1933 ला पुण्याला गेली, जिथं आज एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे. पण मी पोरांना त्या मोठ्या नावांकडे पाठवत नाही, त्यांच्यावर छापील मजकूर चिकार आहे. मी पाठवतो जुन्या सिंगल स्क्रीन थिएटरच्या प्रोजेक्टर ऑपरेटरकडे. जाऊन तासभर बोलायचं, रेकॉर्ड करायचं (परवानगी घेऊन), आणि त्यांनी सांगितलेल्या एका तरी गोष्टीची खातरजमा करून आणायची.

एका पोरीला एका मामांनी सांगितलं, की दोन हजार फुटी रीळ असायचं आणि साधारण वीस-बावीस मिनिटांनी दुसऱ्या मशीनवर उडी मारावी लागायची, जेवायला बसलं तरी कान तिकडंच. आता हे खरं कशावरून? तिनं गणित मांडून आणलं. 35 एमएमच्या एका फुटात 16 फ्रेम, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 1440 फ्रेम, म्हणजे 90 फूट, आणि 2000 भागिले 90 केलं की बावीस मिनिटं आणि वर थोडं. मामांची आठवण चोख निघाली. आर्ट्सची पोरगी, दहावीनंतर गणिताला हात न लावलेली, वहीच्या मागच्या पानावर हे करून आणते तेव्हा तिला संशोधन म्हणजे काय ते कळलंय हे मला वेगळं तपासायची गरज उरत नाही. पैकीच्या पैकी दिले.

शॉर्टफिल्मचा घोळ

आता प्रॅक्टिकल. इथं मी सगळ्यात जास्त मार खाल्लाय, म्हणून जरा सविस्तर.

पहिली दोन-तीन वर्षं मी सरळ तयार फिल्म बघून मार्क द्यायचो. एका ग्रुपनं भाड्यानं कॅमेरा आणला होता, गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा) होता, ड्रोनचा पण एक शॉट होता, रंग एकदम झकास, आणि मी 50 पैकी 45 दिले. दुसऱ्या ग्रुपची मोबाइलवरची, आवाज खराब, वाऱ्याचा घूंऽऽ आवाज अख्ख्या फिल्मभर, त्यांना 28. नंतर दोन महिन्यांनी एका लग्नात एक व्हिडिओवाला भेटला आणि सहज बोलता बोलता म्हणाला, सर तुमच्या पोरांची फिल्म मीच एडिट केली की, आवडली का? पैसे पण सांगितले त्यानं. मी जेवणाचं ताट घेऊन तसाच उभा.

पोरांवर चिडून उपयोग नव्हता, कारण मी मार्कच पॉलिशला देत होतो, मग ते पॉलिश विकत आणणारच ना.

तेव्हापासून तयार फिल्मला एकूण मार्कांपैकी जेमतेम पाचवा भाग. बाकीचे कशाला? एक म्हणजे शूटिंगच्या आधीचं शॉट डिव्हिजन (सीन कुठल्या कुठल्या शॉटमध्ये मोडायचा ती यादी) आणि शूटिंगनंतरचं शॉट डिव्हिजन, दोन्ही, आणि फरक का पडला त्यावर अर्धं पान. ऊन गेलं, मित्र आलाच नाही, घरमालकानं हाकललं, काहीही चालेल, पण मग तुम्ही काय जुगाड केला आणि त्यानं सीनचं काय झालं ते लिहा. दुसरं म्हणजे प्रत्येकाची रोजची डायरी, चार ओळींची, कोणी काय केलं. ग्रुपमध्ये एक जण राबतो आणि चार जण चहा पितात हे सगळ्यांना माहीत असतं, डायऱ्या शेजारी ठेवल्या की ते आपोआप दिसतं, कुणाला चुगली करावी लागत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे, ती टाइमलाइनसमोरची तोंडी (टाइमलाइन म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधली शॉट आणि आवाजाची पट्टी). फायनल फिल्म नाही, एडिटिंगचा प्रोजेक्टच लॅपटॉपवर उघडायचा आणि मी विचारतो, हा शॉट दीड सेकंद कमी कर, बघू काय होतं. किंवा, हे दोन शॉट अलटीपालटी कर. ज्यानं खरंच काम केलंय तो करतो आणि करता करता बोलतो, सर इथं कमी केलं की ती बघतेय हे कळतच नाही, किंवा अरे हे तर आधीपेक्षा बरं वाटतंय. ज्यानं केलेलं नाही त्याला प्रोजेक्टमध्ये आवाजाचा ट्रॅक कुठला तेच सापडत नाही. प्रत्येकी सहा-सात मिनिटं पुरतात. एवढं केलं तरी कुणी बाहेरून मदत घेणारच, घेऊ देत, पण तोंडीत निभावायचं तर त्याला ते शिकावंच लागतं.

ती मोबाइलवाली फिल्म नंतर परत बघितली मी. वाऱ्याचा आवाज तसाच होता, पण म्हातारीच्या घरातला एक सीन त्यांनी अख्खा दाराच्या चौकटीबाहेरून शूट केला होता, आत न जाता. तेव्हा मला तो दिसलाच नव्हता. त्या पोरांचे मार्क काही आता बदलता येत नाहीत.

निबंध आणि एआय

ह्याच्यावर फार वेळ घालवू नका. घरून लिहून आणायचे मोठे निबंध आता मार्कांसाठी ठेवण्यात अर्थ उरलेला नाही, दोन मिनिटांत गुळगुळीत निबंध तयार होतो, आणि तो पकडणारी सॉफ्टवेअरं पण भरवशाची नाहीत, उगाच चांगल्या पोरावर आळ यायचा. त्यापेक्षा वर्गात, हातानं, दाखवलेल्या क्लिपवर. घरी लिहायचंच असेल तर प्रत्येक विधानापुढे टाइमकोड सक्तीचा करा, 'मिनिट 23, सेकंद 10, इथे असं दिसतं'. मग आपण ती जागा उघडून बघायची. तिथं भलतंच काहीतरी चाललेलं असतं तेव्हा पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो.

भाषा, आणि एक नाजूक गोष्ट

उत्तर मराठीत, इंग्रजीत, मिसळून, कसंही लिहू द्या आणि भाषेचे मार्क कापू नका, निदान ह्या विषयात तरी. एखाद्याला 'ट्रॅकिंग शॉट' हा शब्द आठवला नाही आणि त्यानं 'कॅमेरा त्याच्याबरोबर चालत जातो' असं लिहिलं तर तेवढंच पुरेसं आहे. इंग्रजी मिडियमची पोरं सफाईदार लिहितात म्हणून त्यांना नकळत दोन मार्क जास्त पडतात, हे मी स्वतःच्या तपासणीत पकडलंय, तेव्हा स्वतःवर पण जरा लक्ष ठेवा. ज्या पोरांना लिहायचं खरंच जड जातं त्यांना तेच उत्तर व्हॉइस रेकॉर्ड करून देऊ द्या, कोष्टक तेच लावायचं.

नाजूक गोष्ट ही, की आपण नागराज मंजुळेंच्या फँड्रीसारखे जातिभेदावरचे पिक्चर शिकवतो. डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई ह्यांची चित्रं दिसतात, ती फ्रेम शिकवायला अप्रतिम आहे, पुढे काय चाललंय आणि मागे काय आहे ह्यावर तासभर बोलता येतं. पण वर्गात कुणाच्या तरी घरचीच ती गोष्ट असते. त्या पोराकडे वळून 'तू सांग तुला काय वाटतं' असं करू नका. आणि प्रश्नपत्रिकेत 'स्वतःच्या अनुभवाशी जोडून लिहा' असं मार्कांसाठी तर अजिबात घालू नका, कारण मग तुम्ही दुःखाला मार्क द्यायला लागता आणि ज्याला सांगायचं नाही त्याचे कापता. ज्याला लिहायचंय तो आपणहून लिहितो. मार्क मात्र फ्रेमबद्दल काय म्हटलं त्याला. ती फ्रेम शिकवा, पण परीक्षेत घालू नका, तिच्यावर नेटवर ढिगानं तयार उत्तरं आहेत.

अख्ख्या कोर्सचं काय?

एका पेपरचं झालं, पण तीन वर्षांत पोरगं काय शिकलं? ह्यासाठी कॉलेजं एक्झिट सर्व्हे घेतात, 'तुम्हाला कोर्स कसा वाटला, एक ते पाच'. सगळे चार किंवा पाच करतात, फेअरवेलच्या आठवड्यात कोण दोन देणार? तो कागद नॅकच्या फाइलला लावा, पण त्यावरून काही ठरवू नका. पोराला आवडलं आणि पोराला आलं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आम्ही एप्रिलमध्ये एक दुपार काढतो. तिसऱ्या वर्षाच्या वर्गातून चिठ्ठ्या टाकून दहा पोरं निवडायची (टॉपर निवडायचे नाहीत, तो मोह फार होतो), प्रत्येकाचा पहिल्या वर्षाच्या जूनमधला कागद आणि आत्ताचा कागद काढायचा, नावं झाकायची, कुठला आधीचा कुठला नंतरचा तेही झाकायचं, आणि मी आणि अजून एक जण, शक्यतो दुसऱ्या विभागातला, वेगवेगळे बसून पायरी ठरवायची. मग जुळवायचं. एका पायरीचा फरक चालतो, दोनचा असला तर बोलायचं. त्या बोलण्यातच खरं काम होतं, बरं का. मराठीच्या मॅडम एकदा म्हणाल्या, तुम्ही ज्याला चौथी पायरी म्हणताय त्यात मला कुठं पुरावाच दिसत नाहीये, नुसती स्टाइल आहे. आणि त्यांचं बरोबर होतं, मी पोराच्या शैलीवर भाळलो होतो.

आमच्या त्या दुपारीतून काय निघालं सांगतो. पोरं फ्रेमबद्दल तिसऱ्या पायरीपर्यंत आरामात येत होती, पण आवाजाबद्दल तिसऱ्या वर्षातही 'बॅकग्राउंड म्युझिक सॅड आहे' इथंच अडकलेली. मग शोधलं तर कारण आमच्याकडेच, आवाजाचं युनिट सहाव्या सेमिस्टरच्या शेवटी होतं, जे दर वर्षी पोर्शन पुरा करायच्या गडबडीत दोन तासांत गुंडाळलं जायचं. सिलॅबस विद्यापीठाचा, तो आपल्याला हलवता येत नाही, पण पहिल्या वर्षी दर आठवड्याला दहा मिनिटं डोळे मिटून फक्त सीन ऐकायचा एवढं तर करता येतं ना, तेवढंच केलं. पडद्यावर कागद लावायचा, क्लिप चालवायची, काय काय ऐकलं ते लिहायचं, मग कागद काढून परत बघायची. पैसे शून्य. आणि तो मूडी स्पीकर तेव्हा एकदाचा दुरुस्त करून घेतला, कारण अर्धा दोष त्याचाच असावा अशी मला दाट शंका होती.

सीओ-पीओचं (एका विषयाचे आणि अख्ख्या कोर्सचे आउटकम जुळवायचं) एक्सेल भरायचंच आहे, त्यातून सुटका नाही, पण ह्या दहा जोड्या असल्या की आकड्यांच्या मागं दाखवायला काहीतरी खरं असतं. नॅकच्या कमिटीतल्या एका सरांनी बाकी सगळ्या फाइली पाच मिनिटांत चाळल्या आणि ही फाइल घेऊन वाचत बसले, चहा गार झाला त्यांचा.

कागद परत देताना

फीडबॅक लांबलचक लिहू नका, कुणी वाचत नाही, पोरं आधी मार्क बघतात आणि कागद घडी करून खिशात. त्यामुळे मी आधी मार्काशिवाय परत देतो, फक्त एका जागी खूण आणि एक प्रश्न, 'हे कुठे दिसलं?' किंवा 'मग काय झालं?'. एक आठवडा देतो सुधारून आणायला, मग मार्क. वर्ग साठचा असेल तर सगळ्यांचं असं दर वेळी जमत नाही, रोल नंबरप्रमाणे वीस-वीस जणांचं आलटून पालटून करा.

आणि जूनचा तो पहिला कागद शेवटच्या दिवशी झेरॉक्स ठेवून परत द्या. वर्गात पाच मिनिटं नुसता हशा असतो, एकमेकांचे कागद ओढून घेतात, विधवा बाई आणि मुंबईचा मुलगा मोठ्यानं वाचून दाखवतात.

अडचण एकच, की ती एसटी स्टँडची क्लिप आता सीनियर लोकांकडून ज्युनियरना कळलीय. ह्या वर्षी जूनमध्ये एका नवीन पोरानं पहिल्याच तासाला, क्लिप सुरू व्हायच्या आधी, शेजारच्याच्या कानात '8 कट' असं सांगितलेलं मी ऐकलं. त्यामुळे मे महिन्यात नवीन शूट करायचीय. रंकाळ्याच्या कट्ट्यावर करायचा विचार आहे, पण तिथं वारा फार असतो, आवाजाचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये.